न्हाणीघरातल्या काचेवरचा चुना

गेल्या काही वर्षांत परभणीत जी नवी घरं उभी राहिली, त्यांतल्या बऱ्याच न्हाणीघरांत शॉवरच्या कडेला काचेचा आडोसा आला. गृहप्रवेशाच्या दिवशी ती काच आहे की नाही हेही कळत नाही, इतकी ती नितळ असते. पहिला उन्हाळा सरेपर्यंत तिच्यावर पांढुरके गोल डाग उमटतात, दुसऱ्या उन्हाळ्यात ते एकमेकांत मिसळतात आणि मग काचेऐवजी धुक्याचा पडदा टांगल्यासारखं दिसू लागतं. घरात कुणी काचेच्या दर्जाला नावं ठेवतं, कुणी साबणाला, तर कुणी कामाला येणाऱ्या मावशींना. खरं तर तो डाग पाण्यातून येतो. काच फक्त तो दाखवते. टाइल्सवर, नळावर, बादलीच्या काठावर तोच थर असतो, पण तिथे तो इतका डोळ्यांत भरत नाही.

हा थर येतो कुठून, हे समजून घेतलं की तो घालवायचा कसा हे अर्धं आपोआप कळतं. म्हणून सुरुवात जमिनीखालून करू.

परभणी जिल्ह्याच्या खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. या बेसॉल्टमधल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर आहे. पाषाण झिजून वर जी काळी कसदार माती झाली, तिच्यातही चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. नांगरट केलेल्या शेतात ते सहज दिसतात. पावसाचं पाणी या मातीतून झिरपतं तेव्हा मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुना विरघळवू शकतं. खडकाच्या भेगांत ते जितकं जास्त मुरतं, तितका जास्त चुना सोबत घेतं. म्हणूनच खोल बोअरचं पाणी साधारणपणे जड असतं, साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. नदीचं पाणी त्या मानाने हलकं. परभणी शहराला पाणी मिळतं ते पूर्णा नदीचं, राहटीच्या बंधाऱ्यावरून आणि येलदरी धरणातून. पण नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बहुतेक इमारतींच्या टाकीत नळाचं, बोअरचं आणि वेळप्रसंगी टँकरचं पाणी एकत्र होतं. काचेवर आज डाग कमी का आणि पुढच्या महिन्यात जास्त का, याचं उत्तर अनेकदा त्या मिश्रणात असतं.

पाण्याच्या या जडपणाला तपासणी अहवालात ‘एकूण काठिण्य’ म्हणतात आणि ते लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना दिला तर हा आकडा मिळतो. फिल्टर विकायला येणारा मुलगा पाण्यात बुडवून दाखवतो ते टीडीएस मीटर म्हणजे ही तपासणी नव्हे. ते विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतं. त्यात चुना किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही.

आता काचेवरच्या एका थेंबाकडे पाहू. पाण्यात चुना असतो तो कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात, आणि हा पदार्थ पाण्यातच टिकतो. थेंब हवेत उघडा पडला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाणीही उडतं आणि मागे उरतं कॅल्शियम कार्बोनेट. खडू, संगमरवर आणि शहाबादी फरशी ज्याची बनते, तेच हे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी मारून डाग जात नाही. उलट नवा थर चढतो. माठाच्या बाहेर उन्हाळ्यात जो पांढरा फुलोरा येतो आणि कूलरच्या गवतावर जी खरखरीत साय धरते, तोही हाच प्रकार आहे.

डाग गोल कडीसारखा का दिसतो, यालाही कारण आहे. थेंबाची कड काचेला घट्ट धरून बसते आणि तिथून पाणी सर्वात आधी उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना क्षार घेऊन जातं. त्यामुळे मध्ये विरळ आणि कडेला जाड अशी कडी उमटते. पुढच्या आंघोळीचा थेंब गुळगुळीत काचेवरून ओघळून गेला असता, तो या खरखरीत कडीवर अडकतो आणि तिथेच वाळतो. पहिले डाग पडायला वेळ लागतो, पुढचे भराभर वाढतात, ते यामुळे.

थोडा हिशेब मांडून पाहा. समजा पाण्याचं काठिण्य ५०० आहे आणि एका आंघोळीनंतर काचेवर ५० मिलिलिटर पाणी चिकटून राहिलं, म्हणजे साधारण पाव कप. त्यात चुना २५ मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. पण घरात चार माणसं रोज आंघोळ करत असतील तर वर्षाला हा आकडा ३६ ग्रॅमच्या आसपास जातो. थोडा ओघळून जातो हे धरलं तरी उरलेला काचेवरच असतो. मराठवाड्याचा उन्हाळा या कामात हातभार लावतो: पारा ४४-४५ च्या घरात असताना थेंबाला ओघळायला वेळच मिळत नाही, तो जागच्या जागी वाळतो. हिवाळ्यातही सुटका नाही. कृषी विद्यापीठात नोंदलेलं परभणीचं किमान तापमान दरवर्षी वर्तमानपत्रात झळकतं ते उगाच नाही; त्या दिवसांत गिझर तापतो, आणि गरम पाण्यातून कार्बन डायऑक्साइड लवकर निघून जात असल्याने चुना लवकर सुटतो. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीत टाकायच्या हीटिंग रॉडवर जे कवच चढतं, ते त्याचंच.

चुन्याच्या जोडीला साबण येतो. अंगाचा साबण तेलातल्या आम्लांपासून बनलेला असतो. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला पकडतं आणि न विरघळणारा चिकट करडा साका तयार करतं. हातावर फेस येण्याआधी साबण वाया जातो तो यातच. हा साका काचेवर बसतो आणि चुन्याचे कण त्यात रुतून राहतात. दिवाळीतल्या तेल-उटण्याच्या आंघोळी झाल्या की काच एकदम मेणचट होते, ती या साक्याला तेलाची आणि पिठाची जोड मिळाल्यामुळे. म्हणजे काचेवर एक थर नसतो, दोन असतात, आणि दोघांची औषधं वेगळी. चुना आम्लाने जातो. साका जातो साबणापेक्षा वेगळ्या जातीच्या वस्तूने, म्हणजे भांडी घासायच्या लिक्विडसारख्या डिटर्जंटने. आधी आम्ल लावलं तर वरचा मेणचट थर त्याला खाली उतरूच देत नाही. मग लोक म्हणतात, व्हिनेगर लावलं, काही उपयोग झाला नाही.

इथेच एका लाडक्या उपायाचा निकाल लावून टाकतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून काचेवर ओतणं. फसफसतं मोठं छान, आणि फसफसलं की काम होतंय असं वाटतं. पण एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघं एकमेकांना संपवतात आणि हातात उरतं खारट पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर वेगवेगळ्या वेळी वापरा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय मात्र बाटलीत मिळत नाही. चुना पाण्यातून सुटतो तो पाणी वाळताना. पाणी वाळण्याआधीच काचेवरून काढलं तर सुटायला चुनाच उरत नाही. त्यासाठी रबरी पात्याचा छोटा वायपर लागतो, गाडीची काच पुसायला वापरतात तसा. फरशीचा मोठा वायपर नको, त्याचं रबर जाड आणि मळकं असतं. आंघोळ संपली की अंग पुसण्याआधी वायपर काचेच्या वरच्या कडेला टेकवा, किंचित तिरका धरा आणि एका दमात खालपर्यंत ओढा. पातं फडक्याला पुसा. दुसरा पट्टा पहिल्यावर दोन बोटं चढवून ओढा, नाही तर मध्ये पाण्याची रेघ राहते आणि उद्या तीच पांढरी दिसते. शेवटी खालच्या कडेला आणि बिजागऱ्यांपाशी साचलेलं पाणी फडक्याने टिपा. एका काचेला मिनिटभर पुरतं. पात्याला खाच पडली की ते दर ओढीला तिथेच रेघ सोडतं. रबर बदला, वायपर टाकायची गरज नाही.

घरात सगळे हे करतील का? शक्यता कमी. मग निदान शेवटी आंघोळ करणाऱ्याने करावं. मधल्या आंघोळी लागोपाठ असतील तर काच तोवर ओलीच असते आणि नुकसान थोडं होतं. एक्झॉस्ट पंख्याबद्दलही गैरसमज आहे. पंखा लावल्याने कोपऱ्यातली काळी बुरशी कमी होते, पण चुना कमी होत नाही. उलट पाणी लवकर वाळून तो लवकर बसतो. आधी वायपर, मग पंखा.

आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत शॉवर असूनही आंघोळ बादली-मगानेच होते, आणि पाण्याची टंचाई पाहता ते बरंही आहे. अशा घरात काचेचा वरचा भाग चांगला राहतो आणि गुडघ्यापर्यंतचा पट्टा पांढरा पडतो, कारण मगाचे शिंतोडे तिथेच उडतात. वायपर त्याच पट्ट्यावर फिरवला तरी भागतं. बादली काचेपासून हातभर लांब ठेवली तर आणखी उत्तम.

आता जी काच आधीच पांढरी झाली आहे तिचं काय करायचं? पहिल्यांदा कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून मऊ स्पंजने काच घासा आणि धुऊन घ्या. हात फिरवल्यावर बोट घसरेनासं झालं, म्हणजे मेणचटपणा गेला. मग आम्ल. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड मिळतं, कुणी त्याला लिंबूसत म्हणतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा. पांढरं व्हिनेगर असेल तर त्यात तेवढंच पाणी मिसळा. लिंबाच्या फोडी घासल्या तरी चालतात, पण उन्हाळ्यात लिंबाचा भाव पाहता तो शहाणपणा नव्हे.

उभ्या काचेवर आम्ल थांबत नाही, ओघळून जातं, आणि चुन्याला विरघळायला वेळ लागतो. सगळी अडचण इथे आहे. म्हणून जुनं सुती फडकं किंवा टिश्यू पेपर त्या द्रावणात बुडवून काचेवर चिकटवा. दहा-पंधरा मिनिटं ठेवा, वाळू लागलं तर पुन्हा शिंपडा. जाड थर असेल तर अगदी बारीक बुडबुडे दिसतात. कधी काळी मातीतल्या पाण्याने उचललेला कार्बन डायऑक्साइड इथे चुन्यातून मोकळा होत असतो. फडकं काढा, मऊ स्पंजने गोल गोल चोळा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच वायपर मारा. हे शेवटचं पाऊल विसरलं तर बोअरच्याच पाण्याने काच पुन्हा डागाळते. जुना थर एका खेपेत जात नाही. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करा. एकाच दिवशी तेज आम्लाने सगळं उरकायचा मोह टाळा.

काय वापरू नये, याची यादी घरातल्याच वस्तूंची आहे. तारेची घासणी आणि तांब्या-पितळेची भांडी घासायची पूड खरखरीत असतात, काचेवर ओरखडे उठतात आणि प्रत्येक ओरखडा पुढच्या चुन्याला घर देतो. ब्लेडने खरवडू नका. आणि संडासासाठी ‘ॲसिड’ म्हणून बाटलीत मिळतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल काचेवर टाकूच नका. चुना ते क्षणात विरघळवतं हे खरं, पण ते सिमेंटचे सांधे खातं, आणि त्याची वाफ स्टीलच्या बिजागऱ्या आणि हँडल गंजवते आणि छातीत भरते. त्यात कुणी ब्लीच किंवा टाकीत टाकायची टीसीएल पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

साध्या व्हिनेगरलाही एक जागा वर्ज्य आहे. मराठवाड्यात कितीतरी घरांत शहाबादी फरशी आहे, काहींकडे कोटा किंवा संगमरवर. हे सगळे दगड म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच. आम्लाला काचेवरचा चुना आणि पायाखालचा दगड यांतला फरक कळत नाही. काच स्वच्छ होते आणि तिच्याखालच्या फरशीचं पॉलिश उडून खरबरीत पट्टा तयार होतो. अशी फरशी असेल तर आधी तिच्यावर पाणी मारून ठेवा, काचेच्या पायाशी जुना टॉवेल पसरा आणि ओघळ तिथेच टिपत राहा. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलला धोका नाही, तरी तिचे सांधे आधी ओले करून घ्यावेत.

एवढं करूनही काही काचा धुरकटच राहतात. याची दोन कारणं आहेत. बेसॉल्टमधून आलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिकाही असते, आणि तिचा थर व्हिनेगरला दाद देत नाही. दुसरं कारण काचेतलंच. खिडकीची असो वा न्हाणीघराची, साधी काच वाळू, सोडा आणि चुना वितळवून बनते. तिच्यावर पाणी पुन्हा पुन्हा साचून वाळत राहिलं तर काचेतला सोडियम हळूहळू पाण्यात उतरतो, ते पाणी अल्कली होतं आणि काचेचा पृष्ठभागच कुरतडू लागतं. मग डाग काचेवर नसतो, काचेत असतो. ओळखायची रीत सोपी आहे: एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर आम्लाचं फडकं लावून दोन-तीनदा प्रयत्न करा. ती जागा बाकीच्यापेक्षा उजळली तर थर चुन्याचा आहे, चिकाटीने जाईल. काहीच बदललं नाही तर सेरियम ऑक्साइडच्या पुडीने पॉलिश करणं एवढाच मार्ग उरतो. ते कष्टाचं काम आहे आणि खोल कुरतडलेल्या काचेला त्याचाही उपयोग होत नाही.

नवी काच बसवताना ‘नॅनो कोटिंग’ घ्या, असं दुकानदार सुचवतात. हा पाण्याला दूर ढकलणारा एक अतिपातळ थर असतो. त्याच्यावर पाणी पसरत नाही, मोती होऊन ओघळतं, आणि चुना बसला तरी सहज निघतो. पण जे मोती ओघळत नाहीत ते वाळतातच. कोटिंगमुळे वायपर सुटत नाही, फक्त हात हलका चालतो. काही काळाने ते झिजतं, आणि खरखरीत घासणीने त्याआधीच जातं. माझ्या मते वायपर मारायची सवय असलेल्या घराने ते घ्यावं; सवय नसलेल्या घराने ते पैसे वाचवावेत.

पाणीच हलकं करायचं तर सॉफ्टनर हे यंत्र आहे. त्याच्या टाकीत राळेचे बारीक मणी असतात आणि त्यांवर सोडियम बसवलेला असतो. जड पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन ते पुन्हा तयार करायचे. गंमत अशी की असाच अदलाबदलीचा गुण झिओलाइट या खनिजांतही आहे, पूर्वी पाणी हलकं करायला तीच वापरत, आणि दख्खनच्या याच पाषाणाच्या पोकळ्यांत ती स्फटिकरूपात सापडतात. पाणी जड करणाऱ्या खडकानेच त्यावरचा उताराही पोटात ठेवलेला आहे. सॉफ्टनरच्या पाण्याचे थेंब वाळल्यावरही डाग पडतात, पण ते सोडियमच्या क्षारांचे असतात आणि ओल्या फडक्याने निघून जातात. गिझरही जास्त टिकतो. एका काचेसाठी मात्र सॉफ्टनर बसवू नये. सगळ्या घराचा किंवा इमारतीचा विचार करून ठरवावं.

त्याचं सांडपाणी हा काळ्या मातीच्या प्रदेशात खास लक्ष देण्याचा विषय आहे. मणी धुतल्यावर निघालेलं खारं पाणी परसात, झाडांना किंवा शेताकडे सोडू नका. जास्त सोडियमने काळ्या मातीची कणरचना मोडते, पाणी मुरेनासं होतं आणि जमीन चोपण होते. चोपण जमीन सुधारायला काय लागतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

ज्यांची काच अजून बसायची आहे, त्यांच्यासाठी मापं देण्याआधीच्या दोन-चार गोष्टी. न्हाणीघरात टफन्ड काचच हवी; साधारणपणे ८ किंवा १० मिलिमीटर जाडीची घेतात. ती भट्टीत तापवून थंड हवेच्या झोताने झपाट्याने निववलेली असते, फुटली तर बोथट कणांत विखुरते. पण एकदा तयार झाली की कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून बिजागऱ्यांची आणि हँडलची जागा आधीच पक्की करा. सरकत्या दारापेक्षा एकच स्थिर काच बरी: सरकत्या दाराच्या खालच्या पन्हळीत पाणी साचतं, चुना आणि साका मिळून तिथे दगड होतो आणि चाकं अडकतात. दुधी काच हवी असेल तर तिची खरखरीत बाजू कोरड्या अंगाला आणि गुळगुळीत बाजू शॉवरकडे ठेवायला मिस्त्रीला बजावून सांगा. उलटी बसली तर त्या खरखरीत बाजूवरचा चुना पुरता निघत नाही. आणि फरशीचा उतार काचेकडे नव्हे, जाळीकडे आहे ना, हे काच लागण्याआधी तांब्याभर पाणी ओतून बघून घ्या.